मंत्रिमहोदय, हा प्रश्न विचारायला माणूस द्या

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय : गरोदरपणातलं मद्यसेवन रोखण्याच्या कामात समाजकार्यकर्त्यांना जागा देण्याबाबत.

मा. मंत्रिमहोदय,


दर महिन्याच्या ९ तारखेला राज्यभरातल्या सरकारी दवाखान्यांत गरोदर बायांची गर्दी असते. २०१६ पासून तो प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाचा दिवस आहे. वजन, रक्तदाब, हिमोग्लोबिन, लघवी, एचआयव्ही, पोटाची तपासणी असं सगळं होतं. लोहाच्या गोळ्या मिळतात. जोखमीच्या मातेच्या कार्डावर लाल स्टिकर लागतो. या रांगेत एक प्रश्न मात्र कधी राहून जातो, तर कधी नुसता उरकला जातो. 'दारू-बिरू घेत नाहीस ना गं?' विचारणारीची नजर रजिस्टरवर, शेजारी सासू, मागे ताटकळलेल्या बायका. ती मान हलवते आणि रकान्यात 'नाही' पडतं. असं विचारल्यावर दुसरं काही उत्तर यायचं कसं?

मी वैद्यकीय समाजकार्य करते. माझं म्हणणं थोडक्यात असं आहे : गरोदर बाईला दारूबद्दल नीट विचारणं आणि खरं उत्तर आलं तर त्यानंतरही तिच्यासोबत टिकून राहणं हे शिकून करायचं काम आहे. ते ज्यांना शिकवलेलं असतं, त्यांना आपल्या माता-आरोग्य सेवेत नेमून दिलेलं काम नाही. ते द्यावं, यासाठी हे पत्र.

'आपल्याकडे बायका कुठे पितात?' हा पहिला आक्षेप मला ठाऊक आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातल्या पंधरा वर्षांवरच्या १.३ टक्के स्त्रियांनी आणि १८.८ टक्के पुरुषांनी आपण मद्य घेतो असं सांगितलं. महाराष्ट्रातल्या स्त्रियांचा आकडा तर एक टक्क्याच्याही खाली आहे. पण हा आकडा बायांनी जेवढं सांगितलं तेवढाच आहे, आणि परक्या माणसापुढे, घरच्यांच्या देखत बाई काय सांगेल हे आपण जाणतो. शिवाय सरासरीत सगळे जिल्हे एकसारखे दिसू लागतात. गडचिरोली, मेळघाट, नंदुरबार, पालघर या पट्ट्यांत मोहाची दारू किंवा ताडी सणावाराला, लग्नकार्याला, देवाच्या पूजेला लागते आणि तिथे बाईनं ती घेणंही अनेक ठिकाणी सहज मानलं जातं. तिकडे पुण्या-मुंबईत नोकरदार मुलींच्या सुट्टीच्या संध्याकाळी बिअर आणि वाइन येऊन बसली आहे. 'एखादा ग्लास चालतो' हा सल्ला त्यांना मैत्रिणींकडून मिळतो, इंटरनेटवरून मिळतो. दिवसभर अंगमेहनत करून रात्री अंग ठणकतंय म्हणून चार घोट घेणारी मजूर बाई तिसरी. या तिघींना जोडणारी गोष्ट एकच : आपल्या नोंदवह्यांत तिघीही 'नाही'च्या रकान्यात आहेत.

इथे एक सावधगिरी आधीच सांगते. हा विषय निघाला की बोट लगेच आदिवासींकडे जातं. मोहाचं फूल हे तिथलं अन्नही आहे, उत्पन्नही आहे आणि श्रद्धाही आहे. त्या समाजावर शिक्का मारून काम सुरू केलं, तर दवाखान्याची पायरी चढणाऱ्या बाया उद्यापासून कमी होतील. त्यामुळे विचारायचं तर सगळ्यांना. गडचिरोलीतही आणि कोथरूडमधल्या खासगी प्रसूतिगृहातही.

आता या काळजीमागचं शास्त्र. आईच्या रक्तातलं मद्य वारेतून थेट गर्भापर्यंत जातं. ते मोडून काढण्याइतकं गर्भाचं यकृत तयार झालेलं नसतं. १९६८ साली फ्रान्समधल्या नांत शहरात पॉल लमवान या बालरोगतज्ज्ञानं मद्यपी पालकांच्या १२७ मुलांमधली सारखी लक्षणं नोंदवली. १९७३ मध्ये अमेरिकेत सिएटलच्या केनेथ जोन्स आणि डेव्हिड स्मिथ यांनी 'लॅन्सेट'मध्ये तेच चित्र स्वतंत्रपणे मांडलं आणि 'फीटल अल्कोहोल सिंड्रोम' हे नाव रूढ झालं. डोळ्यांच्या फटी आखूड, नाकाखालची पन्हळ सपाट, वरचा ओठ पातळ, वाढ खुंटलेली. पण चेहऱ्यावर ओळखता येणारी मुलं थोडी. ज्यांचा चेहरा चारचौघांसारखा आणि मेंदू मात्र इजा झालेला, अशी त्याहून पुष्कळ असतात. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या जागतिक अंदाजानुसार गरोदरपणी मद्य घेणाऱ्या दर ६७ स्त्रियांमागे एकीच्या पोटी पूर्ण लक्षणांचं मूल येतं. इतर अनेक मुलांत ही इजा लक्ष न लागणं, गणित न जमणं, परिणामांचा अंदाज न येणं अशा रूपांत आयुष्यभर दिसत राहते. ती बरी करणारं औषध नाही. ती टाळणं मात्र पूर्णपणे शक्य आहे. किती घेतलेली चालते, कोणत्या महिन्यात चालते, कोणती चालते, याची सुरक्षित मर्यादा आजवर कुणाला ठरवता आलेली नाही. म्हणून सल्ला एकच : अजिबात नको.

आपल्याकडे हे मूल शाळेत जातं आणि 'मठ्ठ' किंवा 'वांड' ठरतं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं २०१३ पासून अंगणवाड्या-शाळांत मुलं तपासतात, पण त्यांच्या तीस आजारांच्या मूळ यादीत हा विकार नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या एकवीस प्रकारांतही त्याचं वेगळं नाव नाही. चेहरा बोलत नसेल तेव्हा निदानासाठी आईनं गरोदरपणी काय घेतलं हे कळावं लागतं. आणि ते तर आपण कधी धड विचारलेलंच नाही. नोंद नाही म्हणून निदान नाही, निदान नाही म्हणून आपल्याकडे हा प्रश्नच नाही, अशी ही साखळी आहे.

मग विचारायचं कुणी? बाह्यरुग्ण विभागातल्या डॉक्टरला एका बाईसाठी दोन-तीन मिनिटं मिळतात. परिचारिकेच्या हातात नोंदींचा ढीग असतो. राहिली आशाताई. ती घरोघर जाते, बाईला ओळखते. पण ती त्याच गावची सून आहे. शेजारणीजवळ आपलं पिणं कबूल करायला बाई धजत नाही. तरीही आशाताई दारूबद्दल विचारतेच. असंसर्गजन्य आजारांसाठी ती जो सीबॅक फॉर्म भरते, त्यात रोज दारू घेता का असा प्रश्न आहे. मात्र तो फॉर्म तिशी ओलांडलेल्यांसाठी आहे आणि आपल्याकडच्या बहुतेक बाळंतपणांचं वय त्याच्या अलीकडचं. ज्या वयात प्रश्न विचारायला हवा, नेमक्या त्याच वयात तो विचारला जात नाही.

जागतिक आरोग्य संघटनेनं २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट म्हटलं आहे, की प्रत्येक गरोदर स्त्रीला मद्य आणि इतर मादक पदार्थांबद्दल शक्य तितक्या लवकर आणि प्रत्येक तपासणीच्या वेळी विचारावं, आणि जी घेत असेल तिला थोडक्या वेळातला समुपदेशनाचा आधार द्यावा. आपल्याला याची तयारी शून्यातून करायची नाही. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात देशातली पहिली वैद्यकीय समाजकार्यकर्ती १९४६ साली नेमली गेली. १९८४ मध्ये टाटा समाजविज्ञान संस्थेनं मुंबई पोलिसांसोबत महिला व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला आणि समाजकार्यकर्ती थेट पोलिसांच्या आवारात बसू लागली. २००० साली महापालिका आणि 'सेहत' संस्थेनं वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात 'दिलासा' केंद्र उभं केलं. तिथे नवऱ्याच्या मारहाणीबद्दल, म्हणजे जे बाई माहेरीसुद्धा बोलत नाही त्याबद्दल, रुग्णालयातच खासगीत विचारायची रीत पडली. एचआयव्हीचं उदाहरण तर सगळ्यांत जवळचं. दारूपेक्षा कितीतरी मोठा कलंक होता तो. तरी आज प्रत्येक गरोदर बाईला ती चाचणी सुचवली जाते, आयसीटीसी या सरकारी समुपदेशन-चाचणी केंद्रांतले समुपदेशक चाचणीच्या आधी आणि नंतर तिच्याशी बोलतात, निकाल गुप्त ठेवतात. लाजेच्या गोष्टीबद्दल सगळ्यांना विचारायची घडी या राज्याला बसवता येते. एकदा बसवून झालेली आहे.

या कामाचं कसब कशात आहे, तेही सांगते. समाजकार्यकर्ती सोबत आलेल्या सासूला 'आजी, जरा बाहेर बसता का, मी प्रत्येकीशी एकटीशीच बोलते' असं म्हणून बाहेर पाठवते. सुरुवात दारूपासून करत नाही. जेवणखाण, झोप, काम, मग मिश्री, तंबाखू आणि त्याच ओघात ताडी, मोहाची, बिअर. 'पितेस का?' यापेक्षा 'दिवस गेल्याचं कळण्याआधी कधी घेत होतीस, आणि कळल्यावर?' हे विचारणं सोपं पडतं, कारण आधीच्या गोष्टीबद्दल बोलताना बाईला गुन्हेगार वाटत नाही. आसव-अरिष्टांबद्दलही ती विचारते. दशमूलारिष्टासारख्या औषधांत आंबवण्यातून तयार झालेलं मद्य असतं आणि घरात त्याला कुणी दारू म्हणत नाही, त्यामुळे गरोदरपणी ते घ्यायचं का हे डॉक्टरांना विचारायला सांगते. शेवटी विचारते : घरात आणखी कोण पितं? बाईच्या पिण्याचं मूळ पुष्कळदा या उत्तरात सापडतं. नवरा पिऊन मारतो, त्याच्यासोबत प्यावं लागतं, अंगदुखी विसरायला घेते, मूल जन्मून गेल्याचं दुःख उरात आहे. यातलं एकही कारण 'बाळाला अपाय होतो हं' एवढं सांगून दूर होणारं नाही.

बाईच्या उत्तरानंतर काय बोलायचं, हेही महत्त्वाचं. ज्या बाईनं पहिले दीड-दोन महिने अजाणता घेतली, ती घाबरलेली असते. काही जणी तर गर्भ पाडायचा विचार करतात. तिला सांगायचं असतं, की आता थांबलीस तरी बाळाचा फायदाच आहे, कारण मेंदूची वाढ नऊही महिने चालू असते. उलट रोज भरपूर पिणाऱ्या बाईला 'आजपासून एकदम बंद' असं सांगणं धोक्याचं. शरीराला सवय लागलेली असेल तर अचानक तोडल्यावर कंप सुटतो, झटके येऊ शकतात. तिला दाखल करून डॉक्टरांच्या देखरेखीखालीच थांबवावं लागतं. कुणाला चार शब्द पुरेत आणि कुणाला खाट लागेल, हे ओळखून योग्य दारी पोचवणं हे प्रशिक्षित समाजकार्यकर्तीचं काम आहे. पण ती दारं किती आहेत? पुण्यात १९८६ पासून काम करणाऱ्या मुक्तांगणनं स्त्रियांसाठी 'निशिगंध' हा वेगळा विभाग काढला. राज्यातली बहुतेक व्यसनमुक्ती केंद्रं मात्र पुरुषांना समोर ठेवूनच उभी राहिली. गरोदर बाईला घेऊन जायचं तर कुठे, हा आमच्यापुढचा रोजचा प्रश्न आहे.

कठोर कायदा करून हे थांबेल असं कुणी आपल्याला सुचवेल. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यानं १९९८ मध्ये तसं केलं. सततच्या दारूमुळे वा नशेमुळे गर्भाला धोका आहे असं ठरलं, तर गरोदर बाईला ताब्यात घेण्याची मुभा न्यायालयाला दिली. अशा धाकाचा परिणाम उघड आहे : ज्या बाईला तपासणीची सर्वांत जास्त गरज, तीच दवाखाना टाळते. त्याच देशात सिएटलला १९९१ पासून दुसरी वाट चालली आहे. तिथे गरोदरपणी जबर व्यसन असलेल्या आईला एक कार्यकर्ती तीन वर्षं धरून ठेवते. घरी जाते, व्यसनमुक्तीच्या उपचारांना, दवाखान्यात, सरकारी कचेरीत सोबत नेते, पुढचं मूल कधी हवं याचा विचार करायला आणि गर्भनिरोधक मिळवायला मदत करते. बाई मध्येच पुन्हा प्यायली तरी तिला कार्यक्रमातून काढत नाहीत. पुढचं गरोदरपण दारूविना जावं, हे या तीन वर्षांच्या सोबतीचं मोठं उद्दिष्ट असतं. म्हणजे प्रतिबंधाचं काम बाळंतपणानंतरही संपत नाही.

दारूबंदीबद्दलही बोलायला हवं. गडचिरोलीत १९९३ मध्ये ती आली, चंद्रपुरात २०१५ मध्ये आली आणि २०२१ मध्ये उठली. गावातली बाटली आडवी करायला मतदानाला उतरलेल्या बायांबद्दल मला मनापासून आदर आहे. त्यांच्या घरात दारूनं काय केलं हे त्यांनीच सोसलं आहे. दारू सहज न मिळणं हा प्रतिबंधाचा भाग आहेच. पण बंदीच्या जिल्ह्यात 'मी घेते' म्हणणं हे बेकायदा वागण्याची कबुली देण्यासारखं होतं. तिथल्या गरोदर बाईला खरं सांगणं आणखी अवघड जातं. म्हणजे जिथे बंदी, तिथे विश्वासानं विचारणाऱ्या माणसाची गरज जास्त. ज्या गडचिरोलीत गावातल्या आरोग्यदूत बायांनी घरी जाऊन नवजात बाळं वाचवली आणि त्या अनुभवातून देशभरच्या आशांच्या गृहभेटी आल्या, तिथे हे विश्वासानं विचारणं शिकवता येणार नाही असं कोण म्हणेल?

म्हणून माझ्या मागण्या नेमक्या आहेत.

एक. पहिल्या बारा आठवड्यांतल्या नोंदणीच्या वेळी आणि पुढच्या प्रत्येक तपासणीत, सरकारी असो की खासगी, सर्व गरोदर स्त्रियांना मद्य, तंबाखू आणि मिश्रीबद्दल एकांतात विचारणं बंधनकारक करावं. प्रश्नांची भाषा समाजकार्यकर्त्या, परिचारिका आणि आशा यांनी मिळून ठरवावी. मराठीसोबत गोंडी, कोरकू, भिली, वारली या बोलींतही ती असावी.

दोन. सरकारी रुग्णालयांतल्या समाजसेवा अधीक्षकांची, म्हणजे वैद्यकीय समाजकार्यकर्त्यांची, रिक्त पदं भरावीत आणि त्यांच्या कामात गरोदर मातांचा विभाग लेखी समाविष्ट करावा. रेशनकार्ड आणि योजनांचे अर्ज यांतच त्यांचा दिवस संपतो, तो वेळ सोडवावा. ग्रामीण रुग्णालयात पद नसेल तिथे ९ तारखेला जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमातली समाजकार्यकर्ती पाठवावी. ही सोय लगेच करता येईल.

तीन. हे उत्तर हाती फिरणाऱ्या कार्डावर लिहू नये आणि त्यासाठी कोणताही स्टिकर लावू नये. ते कार्ड सासू वाचते, नवरा वाचतो. नोंद वेगळी आणि गुप्त असावी. मातृवंदना योजनेचे पैसे, पोलिस किंवा बालकल्याण समिती यांच्याशी तिचा संबंध जोडला जाणार नाही, हे शासन निर्णयात शब्दांत लिहावं. एवढी हमी नसेल तर मी स्वतः माझ्या सहकाऱ्यांना सांगेन, की हा प्रश्न विचारू नका.

चार. पात्र जोडप्यांच्या नोंदीच्या वेळीच दारू आणि गर्भनिरोधन हे दोन विषय एकत्र बोलावेत. दिवस राहिल्याचं कळेपर्यंत बाळाचे अवयव घडायला लागलेले असतात, त्यामुळे नोंदणीपासून सुरू केलेलं काम उशिरा सुरू झालेलं असतं. त्याच भेटीत नवऱ्याशीही बोलावं. त्याची बाटली घरात राहिली तर एकटीनं सोडण्याची अपेक्षा करणं अन्याय आहे.

पाच. प्रत्येक महसुली विभागात निदान एका शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात गरोदर स्त्रीला व्यसनमुक्तीसाठी दाखल करता येईल अशा खाटा ठेवाव्यात. स्त्रीरोग आणि मनोविकार विभागांनी त्या मिळून चालवाव्यात.

सहा. बाटलीवरचा इशारा. २०१८ च्या केंद्रीय नियमांनुसार आरोग्याला अपाय आणि 'पिऊन गाडी चालवू नका' एवढंच छापावं लागतं. गरोदरपणाचा उल्लेख नाही. फ्रान्समध्ये २००७ पासून बाटलीवर गरोदरपणाचा इशारा येतो, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये तो २०२३ पासून सक्तीचा आहे. राज्यानं केंद्राकडे तशी लेखी मागणी करावी. मात्र मोहाची हातभट्टी आणि ताडीच्या मडक्याला लेबल नसतं, म्हणून मी ही मागणी शेवटी ठेवली आहे.

या सहांतल्या पहिल्या आणि तिसऱ्या मागणीला फारसा पैसाही लागत नाही. लागतो तो एक शासन निर्णय, बाह्यरुग्ण विभागात एक पडदा आणि दोन खुर्च्या. १९९९ पासून ९ सप्टेंबर हा दिवस जगभर गर्भावर होणाऱ्या मद्याच्या परिणामांबद्दल जागृती करण्यासाठी पाळला जातो. आपल्या राज्यात त्या तारखेला हजारो गरोदर बाया तशाही दवाखान्यात आलेल्या असतात. त्यासाठी वेगळा मेळावा, मंडप, फ्लेक्स काहीही करू नये. त्या दिवशी प्रत्येकीला पडद्याआड बसवून, तिच्याकडे बघून हा प्रश्न विचारला जाईल, एवढी तजवीज येत्या ९ सप्टेंबरपूर्वी करावी. पहिल्या वर्षी 'हो' म्हणणाऱ्या बायांचा आकडा वाढलेला दिसेल. विधिमंडळात त्यावरून कुणी आपल्याला धारेवर धरलं, तर बायका जास्त पिऊ लागलेल्या नाहीत, सरकारला सांगू लागल्या आहेत, असं उत्तर द्यावं.

कळावे.

आपली विश्वासू,
एक वैद्यकीय समाजकार्यकर्ती